पक्की वीज

आमच्या घरच्या जुन्या इस्त्रीची वायर सुताच्या वेणीने मढवलेली होती. काळ्या सुतावर पांढरे ठिपके. प्लगजवळ वेणी उसवून आतलं रबर दिसायला लागलं की वडील तिथे चिकटपट्टी गुंडाळायचे. चौकातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातही सूतच. तांब्याच्या तारेवर सुताचे दोन पदर गुंडाळलेले असत. त्या तारेला मिस्त्री 'डीसीसी' म्हणायचे, म्हणजे डबल कॉटन कव्हर्ड. कॉइल भरून झाली की तिच्यावर सुती पट्टी आवळायची आणि सगळा ऐवज वॉर्निशात बुडवून भट्टीत वाळवायचा. सूत वीज अडवतंच, मग वर वॉर्निश कशाला, असं मी एकदा विचारलं. "पावसाळ्यात ये, मग सांगतो," एवढंच उत्तर मिळालं.

ते उत्तर पुरं होतं, हे कळायला मला पुढे वस्त्ररसायन शिकावं लागलं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट ओळीने बसलेले असतात. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगतो, आणि आपल्याला तो कोरडाच वाटतो. हवा दमट झाली की पाणी आणखी वाढतं आणि सुताचा विद्युत रोध कित्येक पटींनी खाली येतो. मिस्त्रींचं वॉर्निश त्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी होतं. वीज अडवण्यासाठी इतकी वर्षं कामाला लावलेला हाच कापूस वीज वाहून नेईल का, आणि वाहून नेईल तर किती धुण्यांपर्यंत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वाक्याचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. पुस्तक लिहिलंय ते दुसऱ्या अर्ध्यासाठी.

हा खटाटोप कशासाठी, असं घरच्यांनीही विचारलं. हृदयाच्या ठोक्यांची चोवीस तासांची नोंद घ्यायची असते तेव्हा छातीवर जेलच्या चकत्या चिकटवतात. एप्रिलच्या उकाड्यात घामाने त्या सुटतात, सुटल्या नाहीत तर खाली खाज सुटते. ज्याने हे चोवीस तास काढलेत त्याला सुती बनियनच्या आतच इलेक्ट्रोड विणलेला असण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. हृदयाचा त्वचेवर मिळणारा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. तो टिपायला तांब्याच्या तारेइतकं चांगलं वाहक लागत नाही. बऱ्यापैकी वाहणारं, पण अंगाला सतत टेकून राहणारं कापड पुरतं. ऊब देणाऱ्या जॅकेटचं गणित निराळं, तिथे खरा प्रवाह वाहायला हवा आणि रोध फारच कमी हवा. 'विद्युतवाहक कापड' या एकाच नावाखाली या दोन्ही गोष्टी खपवल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता सोपा भाग. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने कापसाचं साधं सूत कार्बन नॅनोट्यूबच्या द्रावात बुडवून वाळवलं आणि त्यातून वीज वाहून दाखवली. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने सुती कापड नॅनोट्यूबच्या शाईत बुडवलं आणि त्याचा उपयोग ऊर्जा साठवण्यासाठी केला. बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. रंगखात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे वाचताना हसू येतं. उकळून धुतलेला कापूस समोर येईल ते पितो. पाणी, रंग, चहा, शाई, सगळंच. काळ्या द्रावात बुडवलेल्या कापडाच्या दोन टोकांमध्ये एलईडी पेटला की त्याचा फोटो निघतो, आणि फोटो निघाला की कापड धुवायला टाकायची घाई कोणालाच नसते.

आमच्याकडे रंगांचे दोनच प्रकार: कच्चा आणि पक्का. पहिल्याच धुण्यात बादलीचं पाणी रंगवणारा तो कच्चा. तो चढवायला अक्कल लागत नाही. पक्का रंग ही मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. आपल्याकडचे रंगारी कापड आधी तुरटीत बुडवायचे, कारण लाल रंग सेल्युलोजला सरळ धरत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम मध्यस्थी करतं, एक हात धाग्याला आणि एक हात रंगाला. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने प्रोसिऑन रंग बाजारात आणले. ते सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध बांधतात, म्हणजे रंग धाग्यावर बसलेला नसतो, धाग्याचाच भाग झालेला असतो. विजेचंही असंच आहे, असं माझं म्हणणं आहे. हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हाती घेतला म्हणून तो रोधाचा आणि प्रवाहाचा प्रश्न वाटतो. मुळात तो पक्केपणाचा आहे, आणि म्हणून रंगाऱ्याचा आहे. गेल्या वीस वर्षांतली यातली चांगली कामं पाहिली तर बहुतेकांनी रंगखात्याची जुनी युक्ती नव्या नावाने वापरलेली दिसते.

याचं माझं आवडतं उदाहरण मात्र पुष्कळ जुनं आहे. १८६३ मध्ये लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टनच्या जॉन लाइटफुट यांनी ॲनिलिन ब्लॅकचं पेटंट घेतलं. (त्या वर्षी अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरला तिथला कापूस मिळत नव्हता. मुंबईच्या बंदरातून हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस जात होता आणि त्याच पैशावर इकडे शेअरबाजार पेटला होता. लाइटफुट यांच्या हाताखालच्या कापडात वऱ्हाड-खानदेशचं बोंड असेलही.) ही रीत साधी होती: कापडाला ॲनिलिन, आम्ल आणि ऑक्सिडीकारक लावायचं आणि काळा रंग धाग्यातच घडू द्यायचा. बाहेरून आणून बसवलेला नव्हे, तिथेच जन्मलेला. म्हणून तो पक्का. छत्र्यांच्या काळ्या सुती कापडासाठी तो फार चालला.

त्याच्यात एक खोड होती. तो हिरवा पडायचा. कोळशाच्या धुराची आम्लधर्मी हवा लागली की सुंदर काळ्या कापडावर हिरवट झाक यायची. या हिरवेपणाने रंगाऱ्यांना काही दशकं छळलं. शेवटी बायक्रोमेट देऊन रंगाचं ऑक्सिडीकरण पुढे रेटलं की तो हिरवा पडत नाही असं लक्षात आलं, आणि 'हिरवा न पडणारा काळा' अशी जाहिरात करून तो विकला गेला.

पुढची गोष्ट एका शतकानंतरची. १९७७ मध्ये ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या बहुवारिकातून धातूसारखी वीज वाहू शकते हे दाखवलं; २००० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऐंशीच्या दशकात मॅकडायर्मिड पॉलिॲनिलिनकडे वळले, म्हणजे त्याच जुन्या छत्रीच्या रंगाच्या कुळाकडे. त्याची अनेक रूपं आहेत आणि त्यांपैकी वीज वाहणारं रूप म्हणजे आम्ल शोषलेलं एमराल्डीन. पाचूसारखं हिरवं, नावही त्यावरूनच. लँकेशायरचे रंगारी ज्या हिरव्याला हाकलण्यासाठी जिवाचं रान करत होते, ते वीज वाहणारं रूप होतं! मल्टिमीटर असता तर त्यांनी त्या डागी मालाचं काय केलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या हिरव्यानेच मला पक्केपणाचा दुसरा अर्थ शिकवला. मांजरपाटाची एक पट्टी मी पॉलिॲनिलिनने रंगवली. वीज छान वाहत होती. वडीच्या साबणाने धुतली. पाणी स्वच्छ निघालं, रंग तसूभरही सुटला नाही, आणि तरी वीज गेली. पट्टी हिरव्याची निळी झाली होती. झालं एवढंच होतं की साबणाच्या क्षाराने धाग्यातलं आम्ल ओढून घेतलं होतं. सौम्य आम्लात बुडवली की पुन्हा हिरवी, पुन्हा वीज. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, हे पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटायचं कारण नाही. जात तीच, फक्त इथे रंगासोबत गुणही बदलतो. रंग पक्का आणि वीज कच्ची असू शकते, हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं. पुस्तकाचं पहिलं वाक्य तेच.

वाहक थर कापसावर टिकत का नाही, याचं कारण थोडं तपशिलाने सांगायला हवं, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. वर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून कोरं कापड पाण्यावर तरंगतं आणि म्हणूनच कॉस्टिकमध्ये उकळल्याशिवाय त्याला कोणताही रंग नीट घेता येत नाही. नव्या लेखांमध्ये ज्याला भारदस्तपणे 'पृष्ठभागाची पूर्वप्रक्रिया' म्हणतात, ते किअरमध्ये कापड उकळणंच असतं. मेण गेलं तरी खरी अडचण पुढे आहे. पाणी प्यायला की तंतू जाडीला बराच फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. वाळला की आक्रसतो. प्रत्येक धुण्यात हेच. वर चढवलेला थर मात्र फुगत नाही. चांदीचा असो, तांब्याचा असो, तो भिंतीवरच्या गिलाव्यासारखा तडकतो. त्यात सुताचे तंतू आखूड. नायलॉनसारखी अखंड लांब तार इथे नाही, एका तंतूतून दुसऱ्यात वीज जायची ती दोघे एकमेकांना टेकतात तिथूनच. पीळ ढिला पडला, तंतू पिंजला, की वाट तुटली. बाजारात आज वाहक धागा म्हणून जो सर्रास मिळतो तो चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन असतो, त्यामागे हीच कारणं आहेत. एक गंमत मात्र कापसाच्या बाजूने आहे: ओला झाला की तो कमजोर न होता आणखी बळकट होतो. म्हणून तर तो दगडावर आपटून घेतो आणि तक्रार करत नाही. तक्रार वरच्या थराची असते.

उपाय शोधणाऱ्यांत हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या झिजियन झेंग यांच्या गटाचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण ते तुरटीचंच काम आहे. २०१० मध्ये त्यांनी सुतावर आधी बहुवारिकाच्या साखळ्या उगवल्या, ब्रशच्या केसांसारख्या, एक टोक सेल्युलोजला पक्कं बांधलेलं. त्या केसांमध्ये पॅलेडियमचे आयन अडकवले आणि त्यांच्या आधाराने तांबं चढवलं, वीज न वापरता, नुसत्या रासायनिक द्रावातून. तांबं धाग्यावर बसलेलं नसतं, केसांत गुंतलेलं असतं, त्यामुळे वाकताना-चोळताना सुटत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात त्रिशा अँड्र्यू यांनी दुसरी वाट धरली: बाष्पातून थेट धाग्यावर पेडॉट नावाचं वाहक बहुवारिक घडवायचं, म्हणजे पुन्हा लाइटफुट यांचीच कल्पना, पाण्याशिवाय. ग्राफीनवाल्यांपैकी कित्येकांनी ग्राफीन ऑक्साइड कापडाला देऊन नंतर सोडियम हायड्रोसल्फाइटने त्याचं क्षपण केलं. हे रसायन आमच्याकडे 'हायड्रोस' म्हणून ड्रमने येतं आणि व्हॅट रंगांसाठी रोज वापरलं जातं. मँचेस्टरच्या गटाने २०१७ मध्ये क्षपण झालेलं ग्राफीन ऑक्साइड साध्या पॅडिंगने कापडाला देता येतं, मिनिटाला सुमारे १५० मीटरच्या वेगाने, असं मांडलं, तेव्हा मी प्रथमच या विषयातला एखादा निबंध प्रोसेस हाउसच्या मॅनेजरला वाचायला दिला. वेगाचा आकडा वाचून तो खुर्चीत सावरून बसला. एमएक्सीन या वाहक पदार्थांच्या नव्या कुळाची चर्चा सध्या सर्वाधिक आहे. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात त्याचा शोध लागला आणि तिथेच २०१९ मध्ये ते सुतावर चढवून, ३० ते ८० अंश तापमानाला ४५ वेळा धुऊन दाखवलं गेलं. पाणी आणि हवा मिळाली की एमएक्सीनचं ऑक्सिडीकरण होतं, हे माहीत असल्यामुळे मला त्या पंचेचाळीसचं कौतुक अधिकच वाटतं.

चांदीबद्दल मात्र माझं मत कलुषित आहे आणि ते लपवत नाही. पैंजण घालणाऱ्या कोणालाही माहीत असतं की अंगाला लागून चांदी काळी पडते. रांगोळीने घासली की पुन्हा लखलखते, पण बनियनमधली एक मायक्रॉनहून पातळ चांदी घासणार कोण? शिवाय सुटलेली चांदी मोरीतून जाते ती कुठे, हाही प्रश्न आहेच. तरी चांदी आणि कापूस या जोडीचा एक जुना किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० च्या दशकात मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेले कापडाचे तुकडे मिळाले. ते तपासले मुंबईत, माटुंग्याच्या प्रयोगशाळेत. १९२४ मध्ये स्थापन झालेली ती संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. टर्नर आणि गुलाटी यांनी ठरवलं की तो कापूसच आहे. एवढ्या हजारो वर्षांत कुजला का नाही? तर धातूच्या क्षारांनी त्याला जिवाणूंपासून राखलं म्हणून. तेव्हा चांदीने कापसाचं भलंही केलंय, हे मान्य.

जरीचा उल्लेखही टाळता येणार नाही. १९९७ मध्ये एमआयटीतल्या रेह्मी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडात इलेक्ट्रॉनिक्स गुंफण्याचे प्रयोग मांडले, तेव्हा त्यांनी वापरलं ते रेशमी ऑर्गंझा, ज्याच्या आडव्या धाग्यावर तांब्याची पातळ पत्री गुंडाळलेली असते. असं कापड आपल्याकडे कितीतरी आधीपासून विणलं जातं. आईच्या जुन्या पैठणीच्या पदराला मी मल्टिमीटर लावला तेव्हा तो वाजला. बहिणीच्या नव्या पैठणीला लावला तेव्हा गप्प राहिला. तिच्यात प्लास्टिकची जर होती. बहिणीला हे सांगितलं त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

बाजारात काय झालं ते थोडक्यात. २०१७ मध्ये गूगल आणि लीव्हाइस यांनी मिळून एक डेनिम जॅकेट आणलं. त्याच्या बाहीच्या कडेला वाहक धागे विणलेले होते आणि तिथे बोट फिरवून फोन हाताळता यायचा. किंमत ३५० डॉलर, आणि धुण्याची मर्यादा सांगितली होती दहा वेळा. डेनिमचं जॅकेट महिनोन्‌महिने न धुणाऱ्यांना दहा पुरतील. रोज घामाने भिजणाऱ्या बनियनला दहा म्हणजे दीड आठवडा. २०२३ मध्ये गूगलने तो उपक्रम गुंडाळला. केवळ दहा धुण्यांमुळे गुंडाळला असं मी म्हणणार नाही.

जोडाबद्दल एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते वाचताना इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी कंटाळणार नाहीत अशी आशा आहे. कापड मऊ, सर्किट कडक. दोन्ही जिथे भेटतात तिथेच कापड फाटतं किंवा वीज तुटते. कापूस वितळत नाही, म्हणून डाग देणं नायलॉनपेक्षा सोपं. पण डाग दिलेली जागा ताठ होते आणि तिच्या कडेला सूत झिजतं. मला आजवर सर्वांत भरवशाचा जोड दिसला तो टिचबटणाचा. ईसीजीच्या चकत्यांनाही तेच असतं. धुण्याआधी यंत्र काढून ठेवायचं, नंतर पुन्हा टिच्च. हे बटण या क्षेत्रातल्या कितीतरी पेटंटांपेक्षा जास्त काम करतंय.

पुस्तकातल्या शब्दांविषयी. रंगखात्यात, सायझिंगला, साच्यावर जे शब्द चालतात तेच मी वापरले आहेत. वाचकांपैकी कोणी इचलकरंजीत यंत्रमागावर असेल तर त्याला 'आडवा धागा' म्हटलं काय नि 'बाणा' म्हटलं काय, कळणारच आहे. 'सेल्युलोजी अधःस्तर' म्हटलं तर मलाही कळणार नाही.

शेवटी चाचणीविषयी, कारण चौथ्या प्रकरणावरून माझा संपादकांशी वाद झाला आणि ते प्रकरण मी कमी केलं नाही. घरगुती धुण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ६३३० मध्ये आहे: ठरलेलं यंत्र, ठरलेली पावडर, ठरलेलं तापमान. प्रयोगशाळांनी तीच वापरायला हवी, नाहीतर एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळायचे नाहीत. पण आपलं धुणं तसं नाही. बोअरचं जड पाणी, वडीचा साबण, ब्रश, दगड, आणि दोरीवर कडक ऊन. तांबं चढवलेल्या सुताच्या पट्ट्या मी एका सुती सदऱ्यात शिवून घेतल्या आणि सदरा नेहमीच्या धुण्यात टाकला. धुणाऱ्या मावशींना मुद्दाम काही सांगितलं नाही. माझा अंदाज होता की पट्टी दगडावर जाईल. रोज संध्याकाळी मल्टिमीटर लावायचो. आपटूनही वीज वाहतच होती, ब्रशनेही फारसं बिघडलं नाही. मग एका दिवशी सगळ्या पट्ट्या एकदम मेल्या, आणि भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक पट्टीला तडे एकाच रेषेत, सदऱ्यावर तिरके, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी मावशींना विचारलं की आज वेगळं काय केलं. त्या म्हणाल्या, "काही नाही, पाऊस येणार म्हणून जरा घट्ट पिळला." चौथं प्रकरण त्या पिळ्यापासून सुरू होतं.